नावाचा चौकोन

2006 च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा तोक्योला निघाले. मुंबईच्या विमानतळाबाहेर ट्रॉलीवर दोन बॅगा, हातात लाडवांचा डबा. आईला म्हटलं, “चल, जाते.” आईने तिथल्या तिथे टोकलं. “जाते म्हणू नये. येते म्हण.” मी “येते” म्हटलं आणि आत शिरले. तो शब्द जड वाटावा असं काही नव्हतंच, कारण कंत्राट दोन वर्षांचं होतं.

इथे भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाने मला हाच आकडा सांगितला आहे. दोन वर्षं. ऑनसाइट म्हणजे दोन वर्षं, फार तर तीन. थोडे पैसे साठवायचे, फुजी बघायचा, पुण्यात फ्लॅटचं डाउनपेमेंट करायचं आणि परत जायचं. खोटं कुणीच बोलत नसतं. मी आता जवळपास वीस वर्षं एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईत राहते आणि आजही नव्याने आलेली मुलं स्टेशनबाहेर भेटली की त्याच खात्रीने तोच आकडा सांगतात. मी मान हलवते. त्यांना काय सांगणार? राहायचं ठरवून कुणी राहत नाही.

मी का आले हे सांगणं सोपं आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचं एक वेगळंच जग आहे. कुणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं, कुणी टिळक महाराष्ट्र विद्यापीठात, कुणी एखाद्या बाईंच्या घरच्या क्लासमध्ये. आमच्या वेळी परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या. एन-5 ते एन-1 ही भाषा 2010 पासून आली. आम्ही विचारायचो, “निक्यू झालं का?” निक्यू म्हणजे दुसरी पातळी. ती झाली की कंपन्यांची दारं उघडायची. माझं निक्यू झालं आणि मी ‘ब्रिज’ झाले. पुण्यात बसून कोड लिहिणारी टीम आणि ओतेमाचीतला ग्राहक यांच्यामधला पूल. जपानी माणूस “जरा अवघड आहे” म्हणतो तेव्हा तो “नाही” म्हणतोय हे पुण्याला कळवणं, हे माझं काम. पुण्याहून “होऊन जाईल” असं आलं की त्याचा नेमका अर्थ काय, हे जपान्यांना समजावणं त्याहून अवघड.

निशिकासाईच का, यालाही कारण आहे. 1999 च्या सुमाराला वाय-टू-के ची, म्हणजे 2000 साल लागताना संगणकांतल्या तारखा बिघडू नयेत म्हणूनची, कामं घेऊन भारतीय इंजिनियर तोक्योत उतरले. कचेऱ्या कायाबाचो, ओतेमाची भागात, आणि तोझाई लाइन तिथून सरळ निशिकासाईला येते. पण परदेशी माणसाला घर द्यायला घरमालक तयार नसत. जामीनदार लागायचा, वर मालकाला ‘रेइकिन’ म्हणून द्यायची परत न मिळणारी रक्कम. कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून इथे राहत होते. त्यांनी या मुलांना घरं मिळवून दिली, शाकाहाऱ्यांच्या जेवणाची सोय केली. शिवाय इथे सार्वजनिक गृहनिर्माणाच्या यूआरच्या मोठ्या इमारती होत्या. तिथे जामीनदार नको, रेइकिन नको. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आता मसाल्याची दुकानं आहेत, शाळा आहे, दिवाळीचा मेळा आहे. संपूर्ण जपानात 50 हजारांहून जास्त भारतीय आहेत आणि त्यांची सगळ्यात मोठी वस्ती आमच्या वॉर्डात आहे.

तेव्हा येण्याची कारणं अशी: भाषा, नोकरी, पगार आणि आधी आलेल्या कुणाचा तरी फोन नंबर. राहण्याची कारणं विचारली की लोक साधारण तीन सांगतात. सुरक्षितता, वेळेवर येणाऱ्या गाड्या, स्वच्छता. मीही पुण्यात लग्नकार्यात हीच उत्तरं देते, कारण ती पटकन समजतात आणि पंगत पुढे सरकते. पण ही राहण्याची कारणं नाहीत. माझ्यासोबत आलेले निम्म्याहून जास्त जण याच गाड्या, हीच स्वच्छता सोडून गेले. कुणी हिंजवडीला परत, कुणी अमेरिकेला. गाड्यांचं म्हणाल तर कोविडच्या आधी तोझाई लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या 199 टक्के असायची. ती गाडी वेळेवर येते म्हणून कुणी आयुष्य काढत नाही.

मी का राहिले ते मला एका पाटीमुळे कळलं.

जपानी वस्त्यांमध्ये ‘कैरानबान’ नावाची गोष्ट असते. पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची क्लिप लावलेली पाटी. रहिवासी मंडळाच्या सूचना तिला अडकवलेल्या असतात: भूकंपाचा सराव कधी, ऑगस्टमधल्या बोन-ओदोरी नाचाची तयारी कोण करणार, कचऱ्याचे वार बदलले, कुणाचं मांजर हरवलं. वर घरांची यादी, प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. वाचायचं, चौकोनात आपल्या शिक्क्याचा ठसा उमटवायचा आणि पाटी पुढच्या घरी नेऊन द्यायची. ईमेलच्या काळातही ती फिरते.

2008 मध्ये लग्न झालं आणि आम्ही सातव्या मजल्यावरच्या घरात राहायला आलो. शेजारी एक आजी एकट्या राहायच्या. त्यांचा जन्म कासाईचाच, 1939 चा. त्यांच्या माहेरी नोरीची शेती होती, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ. 1962 मध्ये तोक्योच्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, पुढे खाडीत भराव पडला. त्या खिडकीतून बोट दाखवून सांगायच्या, “ती शाळा दिसते ना, तिथे आमचे बांबू रोवलेले असायचे.” त्या कुठेही गेल्या नव्हत्या. समुद्रच त्यांच्या दारापासून दूर गेला होता.

तर, ती पाटी आमच्या घरी येत नसे. आजी ती आमच्या दारावरून पलीकडच्या घरी नेऊन देत. परदेशी कुटुंब, वाचता येणार नाही, उगाच त्रास कशाला, हा त्यांचा विचार. त्यात तुच्छता नव्हती, काळजीच होती. मला वाचता येत होतं. माझं पोटच त्यावर चालत होतं. तरी मी कधी सांगितलं नाही की पाटी मलाही द्या.

आज मागे वळून बघताना हे कबूल करायला हवं: वगळलं जाणं मला आवडत होतं. परदेशात राहण्याचं फार मोठं सुख हे असतं की कुणी आपल्याकडून काही मागत नाही. इथल्यांसाठी आपण पाहुणे, आणि तिथल्यांसाठी दूर. हळदीकुंकवाला का आली नाहीस, असं इथे कुणी विचारत नाही. सासरच्या चुलत नणंदेच्या डोहाळजेवणाला गेलं नाही तरी चालतं, कारण आपण ‘तिकडे’ असतो. इथल्या कचऱ्याच्या जागेच्या साफसफाईच्या यादीतही आपलं नाव नसतं, कारण आपण ‘तिकडचे’ असतो. मधल्या या हलक्या जागेत माणूस वर्षानुवर्षं तरंगू शकतो. पुण्यातल्या वाड्यात, सोसायटीत, नात्यांच्या जाळ्यात वाढलेल्या बाईला तर हा हलकेपणा पहिल्यांदाच मिळालेला असतो. कित्येक जणी त्यासाठीच राहतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

11 मार्च 2011, शुक्रवार, दुपारी 2 वाजून 46 मिनिटं. मुलगी दहा महिन्यांची होती, मी बाळंतपणाच्या रजेवर, घरात आम्ही दोघीच. भूकंप इथे होतातच. पहिली काही सेकंदं मी नेहमीसारखी थांबले. मग फ्रीज चालायला लागला. खरोखर चालायला लागला. मी मुलीला पोटाशी धरून टेबलाखाली बसले, तेव्हा बाहेरून आजींचा आवाज आला, “दार उघडा! दार उघडं ठेवा!” भूकंपात चौकट वाकली की दार अडकतं, म्हणून आधी दार उघडायचं. हे मी सरावाच्या कागदावर वाचलं असतं, तो कागद माझ्या घरी आला असता तर. मी रांगत जाऊन दार उघडलं. बहात्तर वर्षांच्या त्या बाई कठडा धरत आत आल्या, गॅसचा नळ बंद केला आणि आमच्या शेजारी जमिनीवर बसल्या. एक हात त्यांनी मुलीच्या डोक्यावर ठेवला होता.

नवरा ओतेमाचीहून चालत रात्री घरी पोचला. शेजारच्या उरायासु शहरात भरावाची जमीन चिखलासारखी उकळून वर आली होती. मग फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातला अपघात. पुण्याहून दर तासाला फोन. आई रडायची, बाबा शांतपणे म्हणायचे, “तिकीट काढ.” कंपनीने कुटुंबांना मायदेशी पाठवायची सोय केली आणि 18 तारखेला आम्ही निघालो.

पहाटे चारला, बॅगेची चाकं वाजू नयेत म्हणून ती उचलून घेत, आम्ही आजींच्या दारासमोरून गेलो. मी बेल वाजवली नाही. काय सांगणार होते? की आमच्याकडे जायला दुसरा देश आहे आणि तुमच्याकडे नाही? जपानीत घराबाहेर पडताना म्हणतात, ‘इत्ते किमासु’. शब्दशः, जाऊन येते. आईने मला विमानतळावर शिकवलं तेच. ते दोन शब्द मला त्या दारापाशी म्हणता आले नाहीत, कारण मी परत येईन याची मला खात्री नव्हती.

पुण्यात मी टीव्हीसमोर बसून होते. 23 मार्चला बातमी आली की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलं आहे: किलोला 210 बेकरेल, तान्ह्या मुलांसाठीची मर्यादा 100. नळाचं पाणी बाळांना देऊ नका. ते पाणी तोक्योच्या 23 वॉर्डांत जातं, म्हणजे आमच्या नळातही. दुसऱ्या दिवशी आकडा 79 वर आला, सूचना मागे घेतली गेली, पण दुकानांतलं बाटलीबंद पाणी संपलं होतं. आई म्हणाली, “बघ, किती बरं झालं आलीस.” बरंच झालं होतं. मुलीचं वरण मऊ शिजवताना मला मात्र सारखं वाटायचं की सातव्या मजल्यावर आत्ता किती वाजले असतील.

एप्रिलच्या मध्यात आम्ही परतलो. नोकरी होती, घर होतं, हप्ते होते. परत येण्याची कारणं तेव्हाही साधीच होती. दार उघडण्याचा आवाज ऐकून आजी बाहेर आल्या. मी वाकून माफीची वाक्यं जुळवत होते. व्यवसायाने दुभाषी असलेल्या मला तेव्हा एक वाक्य जमेना. त्या म्हणाल्या, “ओकाएरी.” आलीस का. घरचं माणूस बाहेरून आलं की म्हणतात तेवढंच. मग आत गेल्या आणि पाण्याच्या बाटल्या आणायला लागल्या. दोन लिटरची एक, मग दुसरी, एकूण सहा. त्या दिवसांत दुकानं एका माणसाला एकच बाटली देत होती. त्यांनी रोज रांगेत उभं राहून एकेक गोळा केली होती. प्रत्येक बाटलीवर मार्करने तारीख आणि खाली ‘बाळासाठी’.

आम्ही येणार की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी नवऱ्याला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बेल वाजवली आणि म्हटलं, “कैरानबान आम्हालाही द्या. मला वाचता येतं.” त्या जरा वेळ बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात पाटी आली. यादीत शाईने आमचं आडनाव लिहिलं होतं, कातकाना लिपीत, आणि कठीण कान्जींच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत उच्चार. त्या पेन्सिलीच्या अक्षरांची मला गरज नव्हती. ती मी आजवर खोडलेली नाहीत, तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. पहिला ठसा उमटवला तेव्हा हात थरथरला आणि शिक्का जरा तिरका बसला.

पाटीसोबत बाकी सगळं आलं. कचऱ्याच्या जागेची पाळी: कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून सकाळी जाळी टाकायची, गाडी गेली की झाडून जाळी गुंडाळायची. डिसेंबरात मोची, म्हणजे चिकट भाताचे गोळे, कुटायला माणसं लागतात, नवऱ्याचं नाव लागलं. वर्षभराने मंडळाचा हिशेब माझ्याकडे आला. कधी कधी कंटाळा यायचा. पाळीच्या दिवशी फेब्रुवारीतल्या थंडीत खाली उतरताना वाटायचं, पूर्वी किती बरं होतं. पण एका सकाळी ताप होता म्हणून मी गेले नाही, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन विचारलं, “तुम्ही आला नाहीत, बरं आहे ना?” मराठीत ‘गृहीत धरणं’ ही तक्रार असते. बायकांची तर विशेष. त्या दिवशी अंगात ताप असताना मला कळलं की परक्या गावात आपल्याला कुणीतरी गृहीत धरतंय ही केवढी मोठी गोष्ट आहे. इथे राहणं माझ्यासाठी तिथे सुरू झालं. व्हिसाचे शिक्के त्याच्या आधीही होते.

2014 मध्ये आई-बाबा तीन महिने आले. आईला भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आई आणि आजी आमच्या जेवणघरात जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. आई मराठीत बोलत होती, आजी जपानीत, दोघीही सविस्तर. आजींनी वाटीत शिजवलेले भोपळ्याचे तुकडे आणले होते. जाताना आईने ती वाटी धुतली, मग थबकून त्यात साखर घातली. “रिकामं भांडं परत करू नये गं, हिला सांग.” मी सांगितलं. आजी हसून म्हणाल्या की त्यांच्या आईचंही तेच म्हणणं होतं, त्या काड्यापेटी घालायच्या. तेव्हापासून ती वाटी दोन घरांत फिरते आहे. त्यात कधी शिरा, कधी ताकुवान मुळ्याचं लोणचं. आई त्यांना शेजीबाई म्हणते. आजही फोनवर पहिला प्रश्न माझ्याविषयी आणि दुसरा, “शेजीबाई काय म्हणतात?”

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दहा वर्षं भरल्यावर एजुकेन, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेतला. नागरिकत्व घेतलं नाही. जपान दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारतही मानत नाही, आणि तो निळा पासपोर्ट परत करायला माझा हात धजला नाही. योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाने तो निर्णय घेतला. 2012 मध्ये ते जपानी नागरिक झाले आणि 2019 मध्ये आमच्याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. मला त्यांना मत देता आलं नाही. इथे कर भरणाऱ्या परदेशी माणसाला स्थानिक निवडणुकीतही मत नाही. ते मला खुपतं. मंडळाचा हिशेब मी लिहिते आणि मतपेटी माझ्यासाठी नाही, हे बरोबर नाही असंच माझं मत आहे.

कधी शिंजुकूला गेले की नाकामुराया या जुन्या बेकरीच्या उपाहारगृहात जाऊन ‘इंदो करी’ खाते. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये इंग्रजांपासून निसटून जपानला आले, तेव्हा या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपवलं. 1918 मध्ये सोमांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोस यांचं लग्न झालं. 1923 मध्ये ते जपानी नागरिक झाले. दोनच वर्षांत तोशिको गेल्या. 1927 पासून त्यांची करी इथे मिळू लागली आणि जानेवारी 1945 मध्ये, स्वातंत्र्याच्या अडीच वर्षं आधी, ते तोक्योतच वारले. आपले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे वर्ध्याहून निघून जपान, अमेरिका करत मेक्सिकोत पोचले, तिथे मक्यावर काम केलं आणि देश स्वतंत्र झाल्यावर नागपूरला परतले. त्या माणसांपुढे परतीचं दार बंद होतं. आमच्यापुढे ते रोज उघडं आहे, थेट विमानाने दहा-बारा तासांत मुंबई गाठता येते. म्हणूनच आम्ही रोज नव्याने राहतो, आणि त्याची जबाबदारी कुठल्याही साम्राज्यावर ढकलता येत नाही.

2019 मध्ये वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला. आमच्या वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मोठा पूर आला तर जवळजवळ सगळं पाण्याखाली जाईल, काही भागांत पाणी दोन आठवडे हटणार नाही. म्हणून नकाशावर एदोगावावर सरळ लिहिलं होतं, “इथे राहून चालणार नाही.” सरकारी कागद इतकं स्पष्ट बोलतो हे मी आधी पाहिलं नव्हतं. पुण्याचा एक मामेभाऊ म्हणाला, “आता तर सरकारच सांगतंय, ये परत.” त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. आराकावा नदी बांधाच्या दिशेने चढत होती. आम्ही, आजी आणि मजल्यावरची आणखी दोन घरं, शाळेच्या व्यायामशाळेत रात्र काढायला गेलो. माझ्या पाठीवर आजींची पिशवी होती, मुलीच्या हातात त्यांची छत्री. चटईवर बसल्यावर मी विचारलं, भीती वाटते का. त्यांनी 1949 च्या किट्टी वादळाचं सांगितलं. त्या दहा वर्षांच्या होत्या, समुद्र घरात शिरला, मोठ्या भावाने खांद्यावर घेतलं. “मग?” माझ्या मुलीने विचारलं. “मग पाणी उतरलं. आधी नोरी वाळवायच्या चटया धुतल्या. नाहीतर त्यांना वास येतो.” नदी त्या रात्री बांधाच्या आत राहिली. सकाळी घरी आलो आणि खाली कचऱ्याच्या जागेवरची जाळी उडाली होती, ती शोधायला निघालो.

इथपर्यंतचं मी पूर्वीही लिहू शकले असते. पुढचं लिहायला मला पाच वर्षं लागली.

2020 च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. भारतातून नेहमीची विमानं मार्चपासून बंद होती. इथून कसंबसं निघता आलं असतं, पण तेव्हाच्या नियमांनुसार बाहेर पडलेल्या परदेशी माणसाला, हातात एजुकेन असलं तरी, परत आत येण्याची शाश्वती नव्हती. मुलगी दहा वर्षांची. मी गेले नाही. धाकट्या भावाने वैकुंठ स्मशानभूमीतून फोन समोर धरला होता. त्याचा हात हलत होता, मला आभाळ दिसायचं, मग त्याचा खांदा, मग पुन्हा आभाळ. शेजारी आजी येऊन बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर हळूहळू माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या एका पाटीवरून माझं नाव कधीच वगळलं गेलंय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला चार दिवसांनी कळलं. “तू तिकडे, उगाच काळजी करत बसली असतीस.” घर रंगवलं, कळलं नाही. आत्या पडली, कळलं नाही. 2023 मध्ये पुण्याला गेले तर माझ्यासाठी नवी चादर घातली होती आणि वेगळा टॉवेल काढून ठेवला होता. मी भांडी घासायला उठले तर भावजय म्हणाली, “राहू द्या ताई, तुम्ही चार दिवस आलाय.” सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मुलीला घेऊन गेले. ओकायामाच्या बागेवरून बेतलेली बाग. लहान पुलावर उभी राहून ती म्हणाली, “आई, हे घरच्यासारखं आहे.” तिला वाईट वाटायला नको म्हणून मी हसले.

आजींनी जसं प्रेमाने मला पाटीतून वगळलं होतं, अगदी तसंच पुण्यानेही प्रेमाने वगळलं होतं. आणि तिथेही मी बरीच वर्षं हलकेपणा उपभोगला होता. पैसे पाठवले, व्हिडिओ कॉल केले, दर दोन वर्षांनी चॉकलेटं घेऊन गेले. भावाने बाकी सगळं केलं. मी तिकडे राहिले असं आपण म्हणतो तेव्हा इकडे कुणीतरी आपल्या वाटणीचंही राहत असतं.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी भावाला फोन केला. म्हटलं, तीन आठवडे माझे. पाहुणी म्हणून नाही. तू आणि तुझी बायको दोघं सुट्टीवर जा, नाहीतर घरात बसून राहा, पण औषधं, व्यायाम, रात्रीचं उठणं, सगळं मी करणार. तो आधी नको म्हणाला. मग गप्प झाला. मग म्हणाला, “सहा तारखेपासून जमेल?”

दोन दिवसांनी भावजयीने फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचे आकडे, सिलिंडरची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे, आईच्या बारीक अक्षरात चतुर्थी. आणि जानेवारीच्या सहापासून सत्तावीसपर्यंत प्रत्येक चौकोनात लाल पेनाने ‘ताई’. बावीस वेळा. तिने आडवी रेघ मारून भागवलं असतं तरी चाललं असतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. आजी, हातात पाटी. आता त्या भिंत धरून चालतात, पण पाटी स्वतःच आणतात. मी दारातच वाचली, आमच्या चौकोनात ठसा उमटवला आणि सांगितलं की उद्यापासून तीन आठवडे मी नाही, नवराही कामानिमित्त ओसाकात आहे, मुलगी मैत्रिणीकडे राहणार आहे. पुढची पाटी आमच्या दारावरून पुढे नेली तरी चालेल.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. यादीखालच्या पुढच्या रांगेत, आमच्या नावाच्या रिकाम्या चौकोनात, दोन अक्षरं लिहिली: रुसु. घरचं माणूस बाहेर गेलं आहे, असा त्याचा अर्थ. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आईला सांग, वाटी माझ्याकडे आहे.”

मी म्हटलं, “जाऊन येते.”

“जाऊन ये,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत पुढच्या दाराकडे निघाल्या.